साखरटेकच्या सभेतलं नाक

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. तालुक्याच्या पेपरवाल्याला सांगितली, तर तो अर्धा चहा टाकून निघून गेला. एका म्हातारीला तेवढी खरी वाटली, पण तिला ऐकू कमी येत होतं. तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. आभाळ हे असं दाटलेलं, छपरावरच्या सौर पॅनेलना दुपार झाल्याचा पत्ता नाही, म्हणजे गिरणीची बॅटरी भरायला चांगला अवकाश आहे. डबे नंबराने लावून ठेवा, पोत्यांवर टेका, आणि पटलं नाही तर तोंडावर म्हणा. फक्त मधेच उठून जाऊ नका.

"पीठ टाकून उठतंय कोण?" असं या बाजरीवाल्या ताई म्हणतात, ते बरोबर आहे.

तर गोष्ट आपल्या साखरटेकचीच, पण तुम्ही नव्या वसाहतीतली मंडळी राहायला यायच्या आधीची. त्या वेळी गावात दिगंबर लोहोकरे या माणसाला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. धंदा निवेदनाचा. लग्नात "मुलाकडची मंडळी, पानं वाढली आहेत" इथपासून गणपतीच्या ऑर्केस्ट्रापर्यंत माइक दिगंबरच्या हातात. पण खरी कीर्ती वेगळ्याच गोष्टीची. दिगंबर माणसांना टोपणनावं द्यायचा.

आणि नाव कसलं? डिंकाने चिकटवल्यासारखं. एक तलाठी होता, उंच, बोलताना सारखा कमरेत वाकायचा आणि बऱ्याच खटपटीनंतर थोडंसं काम द्यायचा. दिगंबरने त्याला म्हटलं 'हापसा'. संपलं. त्याची बदली झाली तर नव्या गावात त्याच्या आधी हापसा पोचला. एक वकील होते, ज्या भांडणात पडतील ते भडकायचंच. त्यांचं नाव 'रॉकेल'. पुढे पुढे असं झालं, की पक्षकार दारात आला की वकिलांच्या सौभाग्यवतीच आतून सांगायच्या, "रॉकेल कोर्टात गेलंय, संध्याकाळी मिळेल."

"काहीतरीच!"

बघा, ताईंना आत्ताच पटेनासं झालं. अजून यंत्र आलंच नाही.

ज्याला नाव मिळे तो हसायचा. चारचौघांत दुसरं करणार काय? आणि दिगंबरचा एक ठाम समज होता, की माणूस हसला म्हणजे त्याला लागलेलं नाही. या समजावर त्याने अर्धं आयुष्य काढलं. हा समज तेवढा ध्यानात ठेवा, कारण पुढे एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंचाही तोच झाला.

घरात दिगंबर आणि त्याची मुलगी ऋतुजा. बायको पोर लहान असतानाच गेली. बापाने वेणी घालायला शिकून घेतलं, आणि वेणी घालताना पोरीला हसवायला रोज गावातला एकेक माणूस करून दाखवला. ऋतू त्या नकलांवर वाढली. त्याच्या सगळ्या श्रोत्यांत हा एक श्रोता त्याला जिवापलीकडचा.

ऋतूचं लग्न ठरलं वाबळ्यांकडे. मुलाची आई पुष्पलताबाई, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अकाली वैधव्य, दोन मुलं शिकवून उभी केलेली, गावात मान. आता या बाईंना एक दुखणं होतं. त्यांची मान हलायची. वर-खाली, बारीक, सारखी. औषधाने जात नव्हती, आणि मनावर ताण आला की वाढायची. शाळेत शिकवताना त्या डावा हात हनुवटीखाली धरायच्या. मुलींना वाटायचं, बाई विचार करतायत.

लग्नाच्या बैठकीत दिगंबर म्हणाला, "खर्च निम्मा-निम्मा," तर बाईंची मान हलली. "लग्न आमच्या दारात," तर मान हलली. दिगंबर खूश. तेवढ्यात मुलाचे मामा खाकरून म्हणाले, "बाईंच्या मानेवर जाऊ नका पाहुणे, ती हलतेच. तोंडाने काय म्हणतात ते ऐका." बाईंनी तोंडानेही सगळ्याला होच म्हटलं. चांगलं घर होतं.

पण त्या संध्याकाळी घरी जेवताना दिगंबरला राहवलं नाही. त्याने ताट पालथं घातलं, बोटांनी त्यावर गुबूगुबू वाजवलं, आणि दारावर नंदीबैल घेऊन येतो त्या माणसाच्या सुरात विचारलं, "सांगा बाई, पोरगी पसंत हाय का?" आणि स्वतःच मान हलवली. "सोनं नको ना?" मान. "उद्या पोरगी परत पाठवाल का?" मान. ऋतू हसून हसून भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, पुरे," ती म्हणाली, आणि मग म्हणाली, "पुन्हा एकदा करा."

लग्न झालं. सहा-आठ महिन्यांनी एका रविवारी ऋतू माहेरी आली होती, तेव्हा दिगंबरने गंमत म्हणून पाटावर बोटं वाजवली. ती हसली नाही.

"बाबा, ते नंदीबैलाचं नाव परत काढायचं नाही."

"अगं, मी नाव कुठे काढलं? बोटं वाजवली."

"तेच. बोटंसुद्धा नाही. आई चहा अर्धा कपच घेतात, ठाऊक आहे? हातही कापतात, म्हणून दोन्ही हातांनी धरून. भरलेला कप दिला तर सांडतो आणि लोक बघतात म्हणून. मी ताप येऊन पडले होते, तेव्हा तशा हातांनी त्यांनी मला चमच्याने पेज भरवली. सांडली तर स्वतःला हसल्या. त्या दिवशी मी हसले होते ना, त्याची मला अजून लाज वाटते. ते नाव या घरातून बाहेर गेलं, तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. सांगून ठेवते."

"शप्पथ," दिगंबर म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्याला पोरगी गमवायची नव्हती. त्याच्याकडे दुसरं होतं काय?

आता यंत्राचं.

त्या काळात पुढाऱ्यांच्या भाषेचं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. टीव्हीवर चर्चा लागली की आया मुलांना आतल्या खोलीत पिटाळायच्या. एकाने दुसऱ्याची आई काढायची, दुसऱ्याने पहिल्याची बायको. कुत्रा, डुक्कर, गटार, नपुंसक, हे तर सभ्य शब्दांत जमा झाले होते. कायदे झाले, शब्दांच्या याद्या झाल्या, पण यादी निघाली की पुढारी यादीबाहेरचा शब्द शोधायचे. साधा 'ताई' हा शब्दसुद्धा असा उच्चारता येतो, की समोरच्या बाईने पदर सावरावा. त्याला कुठल्या यादीत घालणार?

तेव्हा डॉक्टर अनघा किर्पेकर नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, बोलणाऱ्याचे शब्द मोजू नका, ऐकणाऱ्याला काय होतं ते मोजा.

हे जरा समजून घ्या, अवघड नाही. आपण श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा सोडत नाही. त्यात शेकडो वायू असतात, चिमटीत मावणार नाहीत इतके थोडे. भीती वाटली, ताण आला, की स्नायू आवळतात, काळीज पळायला लागतं, आणि या वायूंचं प्रमाण बदलतं. सिनेमाघरातली नुसती हवा तपासून पडद्यावर मारामारी चालू आहे की विनोद, हे सांगणारे लोक बाईंच्या आधीच होऊन गेले होते. बाईंनी त्यातला एकच धागा धरला, शरमेचा. शरम वाटली की माणूस आधी श्वास रोखतो. मग कानशिलं तापतात, मानेला घाम येतो, आणि रोखलेला श्वास हळूच, चोरपावलांनी बाहेर पडतो. रागात असं होत नाही, भीतीत असं होत नाही. एकट्या माणसाच्या श्वासात हे सापडणं मुश्कील. पण हॉलमध्ये तीनशे माणसं बसली असली, आणि त्यातल्या दोनशेंना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं, की ते हवेत उतरतं. तिथे ते मोजता येतं.

यंत्र म्हणजे एक खांब, त्यावर जाळीची पेटी आणि वर दिवा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल झाला की वक्त्याचा माइक आपोआप बंद. लोकांनी त्याला 'नाक' म्हणायला सुरुवात केली. निवडणुकीआधी प्रत्येक गावात उमेदवारांची समोरासमोर चर्चा नाकासमोरच व्हायची, असा नियम आला.

पहिल्या वर्षी काय बहार! एका मंत्र्याने प्रतिस्पर्ध्याच्या मुलीचं नाव घेतलं, दिवा लाल, माइक बंद. मंत्री तसाच ओरडत राहिला, पण बिनमाइकचा मंत्री म्हणजे मंडईतला मिरचीवाला. त्याला मागच्या रांगेतून भाव विचारले. एका गावी तर एक पुढारी नुसता भाषणाला उभा राहिला, अजून तोंड उघडायचं होतं, तोच दिवा लाल. नाकाला पूर्वानुभव होता.

"हे मात्र खोटं," ताई म्हणाल्या.

बरं, पिवळा झाला म्हणू. तुमच्यासाठी पिवळा.

पण पुढारी हा प्राणी असा, की त्याच्यासाठी भिंत बांधली की तो आधी दार शोधतो. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी लक्षात आलं, की शिवी हसू येईल अशी दिली तर नाक ओळखत नाही. कारण साधं आहे. शरमेला श्वास रोखावा लागतो, आणि हसणाऱ्याला तो रोखता येत नाही. हसताना छाती रिकामी होते, हॉलभर ताजी हवा खेळते, जी काही शरम साठली असेल ती वाहून जाते. नाकाला वाटतं, मंडळी आनंदात आहेत. किर्पेकरबाईंनी यंत्र तयार करताना शेकडो माणसांना शरमेच्या चित्रफिती दाखवल्या होत्या, पण एकेकट्याला, बंद खोलीत बसवून. एकट्या माणसाला शरम वाटली तर तो गप्प होतो. तीनशे माणसांना एकत्र वाटली तर ती हसतात, हे त्यांच्या प्रयोगात आलंच नाही.

झालं. सगळ्या पक्षांना हसवणारी माणसं हवी झाली. तमाशातले सोंगाडे, नकलाकार, कीर्तनातले पेटीवाले, ज्याच्या जिभेला धार तो प्रचारप्रमुख. आणि साखरटेकमध्ये जिभेला धार कुणाच्या?

दिगंबर त्या सुमारास रिकामा होता. आवाज काढणारी यंत्रं आली होती. मंगल कार्यालयात एक डबी बसवली की पाहिजे त्या आवाजात, पाहिजे त्या भाषेत पाहुण्यांना जेवायला बोलवायची. दिगंबर संध्याकाळी बाजारपेठेतून चालत जायचा आणि दुकानाच्या पायरीवर टेकलेल्या लोकांना काहीतरी सांगायला थांबायचा. लोक मान वर न करता 'हं हं' म्हणायचे. ज्याला आयुष्यभर लोकांनी ऐकलंय, त्याला ते 'हं हं' फार झोंबतं.

तर अशा वेळी उत्तमशेठ खुटाळांचा निरोप आला. शेठ नगराध्यक्षपदाला उभे होते. आधीच्या निवडणुकीत नाकाने त्यांचा माइक इतक्यांदा बंद केला होता, की भाषण कमी आणि शांतता जास्त झाली होती.

"या दिगूभाऊ, बसा," शेठ म्हणाले. कार्यालयात दहा-पंधरा कार्यकर्ते. "आमची जीभ रानटी. तुमची गोड. आम्हाला चार नावं काढून द्या."

दिगंबर बसला. एक उमेदवार होता, प्रत्येक पक्षात राहून आलेला. दिगंबर म्हणाला, "धर्मशाळेतली सतरंजी." कार्यालय हशाने फुटलं. दुसरा नुसता फोटो काढून घ्यायला यायचा. "झेंडूचा हार. ज्याच्या त्याच्या गळ्यात, आणि उद्या कचऱ्यात." कार्यकर्ते मांड्यांवर थापा मारायला लागले. कुणीतरी चहा आणला, कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. सगळे डोळे त्याच्यावर. किती दिवसांनी!

"आणि वाबळेबाईंना?" शेठने विचारलं.

कारण शेठच्या विरोधात खरी उमेदवार होती ती पुष्पलताबाई वाबळे. गावातल्या बायकांनीच त्यांना उभं केलं होतं.

"नाही शेठ," दिगंबर म्हणाला. "विहीण आहे आमची. तिथे माझी पोर नांदते."

"बरोबर. नातं आधी," शेठ म्हणाले. इथे त्यांनी जबरदस्ती केली असती, धमकी दिली असती, तर दिगंबर उठून आला असता, इतका तो नक्कीच चांगला होता. पण शेठ फक्त कार्यकर्त्यांकडे वळून म्हणाले, "सोडा रे. भाऊंना सुचत नसेल. वय झालं, एखादं नाव अडतं माणसाला."

एक कार्यकर्ता हसला.

"अडत नाही," दिगंबर म्हणाला. "आहे. आम्ही देणार नाही, हा भाग वेगळा."

"असूं दे, असूं दे," शेठ चुचकारून म्हणाले. "असेलच."

आणि दिगंबरची बोटं टेबलावर गेली. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. त्याने फक्त टेबलाच्या पत्र्यावर गुबूगुबू वाजवलं, आणि एकदा, एकदाच, मान वर-खाली केली.

 मग असं हसू उसळलं, की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. शेठने उठून दिगंबरला मिठी मारली.

घरी येताना दिगंबर स्वतःला समजावत होता, की आपण नाव दिलं नाही. शब्द गेला नाही. शपथ शब्दाची होती. बोटांचीही होती हे त्याला आठवलं, पण तेवढ्यात समोरून ओळखीचं कुणीतरी आलं, आणि त्याने ते आठवणं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पलताबाई स्वतः दारात. सोबत कुणी नाही.

"व्याही, आमंत्रण करायला आले. चर्चेला पहिल्या रांगेत घरची माणसं बसवायची आहेत. आमचे हे असते तर बसले असते. तुम्ही बसाल?"

"बसेन की, त्यात काय," दिगंबर म्हणाला. त्याने चहा टाकला आणि भलत्याच विचारात कप काठोकाठ भरला. बाईंनी काही न बोलता दोन्ही हातांनी उचलला. थोडा बशीत सांडला.

"आणखी एक कारण आहे," त्या म्हणाल्या. "समोर आपलं माणूस दिसलं की माझी मान जरा कमी हलते. शाळेत पहिल्या बाकावरच्या एका मुलीकडे बघून मी तीस वर्षं शिकवलं. दर वर्षी नवी मुलगी, पण तिला कधी सांगितलं नाही. यंदा तुमच्याकडे बघेन म्हणते."

दिगंबरला त्याच वेळी सांगता आलं असतं. "बाई, शेठला काय ठाऊक झालंय ते ऐका," एवढंच. त्याने तोंड उघडलंही. आणि विचारलं, "साखर ठीक आहे ना?"

"गधडा!" ताई म्हणाल्या.

गधडा तर गधडा. पुढे ऐका.

चर्चेच्या दिवशी नगरपरिषदेचं नाट्यगृह भरलेलं. मंचावर दोन टेबलं, मधे नाक, हिरवा दिवा. पहिल्या रांगेत बाईंचा मुलगा, त्याच्याशेजारी ऋतू, तिच्याशेजारी दिगंबर. ऋतूने बापाचा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला होता. "आई तुमच्याकडे बघणार आहेत," ती म्हणाली. "नीट बसा. हसरा चेहरा ठेवा."

बाई आधी बोलल्या. नळाच्या पाण्यावर, शाळांच्या छपरांवर. एका हातात माइक, दुसऱ्यात कागद, त्यामुळे हनुवटीला हात नव्हता. पण नजर दिगंबरवर ठेवली होती, आणि मान खरंच कमी हलत होती.

मग शेठ उठले. अतिशय नम्र. "वाबळेबाई आमच्या गुरुस्थानी. माझ्या बहिणी त्यांच्या हाताखाली शिकल्या. मी फक्त शंका विचारतो. गुरूने शंकानिरसन करावं." आणि माइकजवळ टेबलावर त्यांनी बोटं वाजवली. गुबूगुबू.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दिवा पिवळा झाला. ही गोष्ट लोक विसरतात, पण तो पिवळा झाला होता. त्या क्षणी हॉलमधल्या बऱ्याच माणसांनी श्वास रोखला होता.

"बाई, नळाला रोज पाणी द्याल?"

बाईंची मान हलली. आता ती जोरात हलत होती.

"मग पाणीपट्टी दुप्पट कराल?"

मान हलली. बाई बोलायला गेल्या, पण हसण्यात ते ऐकू आलं नाही. त्यांनी कागद खाली ठेवला आणि डावा हात हनुवटीखाली धरला. हात मानेबरोबर हलायला लागला. हॉल आणखी हसला.

"आणि मत मलाच देणार ना, बाई?"

मान. "आमचा नंदीबैल खोटं बोलत नाही हो!" शेठ म्हणाले, आणि छप्पर उडालं. बायका हसत होत्या. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या, पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि दिवा? पिवळा विझला, हिरवा लागला. छान, टवटवीत हिरवा. नाकाच्या मते साखरटेकमध्ये इतकी आनंदी सभा आजवर झालेली नव्हती.

दिगंबर आधी हसला नव्हता. पण तिसऱ्या प्रश्नाआधी शेठने जो श्वासभर थांबा घेतला, तो नेमका तिथेच होता जिथे दिगंबरने घेतला असता. त्याच्या हे लक्षात आलं, आणि त्याच्या पोटातून हसू फुटलं. करणाऱ्याला स्वतःच्या कामाचं यावं तसं.

बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

ऋतूही वळली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या गुडघ्याकडे बघत होती. तिथे त्याची बोटं ताल धरून वाजत होती, आणि ते त्याला कळतही नव्हतं.

या, या, आत या. या अंधारात चेहरा दिसत नाही तुमचा, पण डबा तिथे कडेला ठेवा. बॅटरी भरतेय अजून. बसा त्या पोत्यावर, शेवटच ऐका, शेवट फार झकास आहे.

तर मंडळी, दिगंबरने पोरीची नजर पाहिली. स्वतःची बोटं पाहिली. आणि तो उठला. पहिल्या रांगेतून उठला, पायऱ्या चढला, शेठच्या हातातला माइक काढून घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साखरटेककर! हे नाव मी दिलंय. माझ्या घरात, माझ्या ताटावर जन्मलं ते. या बाईंनी माझ्या आजारी पोरीला पेज भरवली, आणि मी त्यांना हे दिलं. हसायचं तर मला हसा!"

काय सांगू! तीनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. असा रोखला, की वरचे पंखे हळू झाले. दिवा पिवळ्यावर थांबलाच नाही, हिरव्यावरून सरळ लाल. माइक बंद. शेठ ओठ हलवतायत, पाण्यातून काढलेल्या माशासारखे, आणि आवाज नाही. लोक माना खाली घालून बसलेले. पुष्पलताबाई पुढे झाल्या. आणि त्यांची मान, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, समईच्या ज्योतीसारखी स्थिर. त्या म्हणाल्या, "व्याही, बसा आता." ऋतू धावत वर आली, तिने बापाचा हात धरला, ती हलणारी बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली, आणि म्हणाली, "चला बाबा, घरी जाऊ." त्या संध्याकाळी तिने बापाच्या चुलीवर स्वतः पिठलं केलं. म्हणतात, अजून दर रविवारी...

बाजरीवाल्या ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"खोटं आहे."

आवाज कडेच्या पोत्यावरून आला. आत्ताच आलेल्या माणसाने एकट्याला पुरेल एवढा लहान डबा मांडीवर धरला होता.

काय खोटं, अहो? मान स्थिर झाली ते? तेवढं थोडं...

"दिगंबर उठला नाही. दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता."

"तुम्ही होतात का तिथे?" ताईंनी विचारलं.

"मीच दिगंबर लोहोकरे," तो म्हणाला. "बाईंनी तशा मानेनेच भाषण पुरं केलं. मी बसून होतो. ऋतू अजून घरी आलेली नाही."